मुलाला शाळेत 'ओन्डस्कान' वाचायला दिलंय, कुणी वाचलंय का? (आणि पुतण्याच्या होस्टेलचा प्रश्न)

हिसिंगेनकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही गॉथेनबर्गला असतो. मोठा मुलगा आठवीत आहे, इथल्याच साध्या सरकारी शाळेत, स्वीडिश माध्यम. त्याच्या स्वीडिशच्या बाईंनी वर्गाला यान गियू यांची 'ओन्डस्कान' ही कादंबरी वाचायला दिलीये. दुष्टपणा असा अर्थ होतो नावाचा. १९८१ ची आहे आणि इथे म्हणे पिढ्यानपिढ्या शाळेतून वाचतात. माझं स्वीडिश म्हणजे एसएफआयच्या (परदेशातून आलेल्यांना स्वीडिश शिकवतात त्या) क्लासपुरतं आणि ऑफिसातल्या फिकापुरतं (कॉफीच्या सुट्टीतल्या गप्पांपुरतं), त्यामुळे तो झोपला की मी फोनवर भाषांतर करत करत त्याच्या मागून वाचतेय, अर्ध्यापर्यंत आलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एरिक पोंती नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, १९५० च्या दशकातलं स्टॉकहोम. सावत्र बाप रात्रीचं जेवण झालं की त्याला मारतो, रोज, काहीतरी खुसपट काढून, आणि आई पियानो वाजवत बसते. पोरगं मार खायला इतकं सरावलेलं की शाळेत कुणाच्या बापाला भीत नाही, उलट स्वतःच टोळी जमवून इतरांना बडवतं. शेवटी शाळेतून काढतात आणि हेडमास्तर तोंडावर त्यालाच दुष्ट म्हणतो. मग आई घरातल्या चांगल्या चांगल्या वस्तू विकून त्याला लांबच्या एका महागड्या बोर्डिंगमध्ये टाकते, शेर्न्सबेर्ग नाव त्या शाळेचं, आणि तिथे मास्तर लोक कुणालाही हात लावत नाहीत कारण ते काम वरच्या वर्गातल्या मुलांना दिलंय! त्यांची कौन्सिल, त्यांचे नियम, त्यांच्या शिक्षा, आणि शिक्षकांनी तिकडे बघायचंच नाही. एरिकच्या खोलीत पियेर म्हणून एक चष्मेवाला, जाडसर, अतिहुशार मुलगा असतो, त्याची नि ह्याची दोस्ती जमते. मी इथपर्यंत आलेय.

आता प्रश्न. एक म्हणजे पोरगा वाचायला लागल्यापासून गप्प गप्प आहे. परवा जेवताना एकदम बापाला विचारलं, "बाबा, तुला आजोबा मारायचे?" नवरा हसत हसत म्हणाला, मग काय, पट्ट्याने! आम्ही दोघं हसलो आणि हा हसला नाही, ताट उचललं आणि सिंकमध्ये ठेवून खोलीत गेला. नवऱ्याचं म्हणणं की छड्या खाऊनच आम्ही इंजिनीयर झालो, एवढं काय त्यात. मला कळत नाहीये की ह्या विषयावर पोराशी बोलायचं कुठून सुरू करू, आणि पुढे पुस्तकात अजून वाईट आहे का, सिनेमा पण आहे म्हणतात तो दाखवावा का.

दुसरं, माझ्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा ह्या जूनपासून सहावीला निवासी शाळेत चाललाय, सैनिकी पद्धतीची, महाराष्ट्रातच. सगळे खूश आहेत, ब्लेझर शिवून झाला. हे पुस्तक वाचल्यापासून मला झोप लागत नाहीये आणि जाऊबाईंना काही बोलले तर म्हणतील परदेशात बसून अपशकुन करते. काय करू?

---

मेलारकाठ

ताई, मी स्टॉकहोमला, माझ्या दोन्ही मुलींनी शाळेत वाचलंय हे, तेव्हा आधी घाबरू नका. इथे हे पुस्तक हिंसा आवडावी म्हणून देत नाहीत, वर्गात त्यावर भरपूर बोलून घेतात. बाईंना मेल टाका आणि विचारा कुठल्या आठवड्यात कुठलं प्रकरण आहे, सांगतात आनंदाने.

पुढे वाईट आहे का, तर हो आहे. जेवणाच्या टेबलावरचा तो प्रकार तुमचा वाचून झाला असेलच, टेबलाचा प्रमुख असलेला सीनियर लहान मुलाला वाकायला सांगतो आणि सुरीच्या मुठीने नाहीतर व्हिनेगरच्या बाटलीच्या काचेच्या बुचाने डोक्यात टोला हाणतो, बाकी सगळे बटाटे खात राहतात. मला तर ते बटाटे खाणंच जास्त लागलं. पुढे तो 'चौकोन' येतो, मागच्या बाजूला सिमेंटचा चौथरा, त्यात एका लहान मुलासमोर दोन सीनियर, भोवती अख्खी शाळा बघायला, आणि मारामारी संपते कधी तर तो मुलगा हातापायांवर रांगत बाहेर येईल तेव्हा. न लढता लवकर बाहेर आला तर वर्षभर त्याला उंदीर म्हणून चिडवणार. थंडीतल्या एका रात्रीचा प्रसंग आहे, तो मी माझ्या धाकटीबरोबर शेजारी बसून वाचला.

थोडी पार्श्वभूमी सांगते कारण पोराशी बोलायला ती उपयोगी पडेल. गियू स्वतः सोलबाका नावाच्या बोर्डिंगमध्ये होते, शेर्न्सबेर्ग म्हणजे बरंचसं तेच. ती शाळा १९७३ ला बंद पडली. स्वीडनने घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी घातली ती १९७९ साली, जगात पहिला देश, आणि पुस्तक आलं त्यानंतर दोनच वर्षांनी. म्हणजे ज्या पिढीने मार खाल्ला ती पिढी आईबाप झाली होती आणि घराघरात तुमच्या नवऱ्यासारखीच वाक्यं चालू होती, "आम्ही खाल्ला, काय बिघडलं". तुमच्या मुलाने बापाला जे विचारलं ना, ते तेव्हा इथल्या कितीतरी मुलांनी विचारलं असेल.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये लुंड्सबेर्ग ह्या बोर्डिंगमध्ये, जिथे राजघराण्यातला मुलगासुद्धा शिकलाय, मोठ्या मुलांनी लहानांना गरम इस्त्रीचे चटके दिल्याचं बाहेर आलं आणि सरकारी शाळा तपासणीवाल्यांनी ताबडतोब शाळेला टाळं लावलं. कोर्टाने ती बंदी थोड्याच दिवसात उठवली हा भाग वेगळा. पण त्या आठवड्यात सगळ्या पेपरांना आणि टीव्हीला ओन्डस्कानच आठवली.

सिनेमा २००३ चा, मिकाएल होफस्ट्रोमचा, ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या यादीत नामांकन होतं त्याला. चांगला आहे, पण पुस्तक संपल्यावर. सिनेमात एरिक हिरो दिसतो, देखणा, पोहण्यात रेकॉर्ड मोडणारा, आणि मुलं त्याच्याच प्रेमात पडतात.

---

रोखठोक_नाना

हिसिंगेनकर ताई राग मानू नका पण पुस्तक वाचून झोप उडाली म्हणून पुतण्याचं अॅडमिशन वादात काढायचं म्हणजे जरा जास्तच होतंय. सैनिकी शाळांमधून किती ऑफिसर झाले, किती कलेक्टर झाले ते बघा. थोडी शिस्त, थोडा रगडा लागतोच. आजकालची पोरं एवढ्यातेवढ्यावर रडतात, मोबाइल काढून घेतला तरी डिप्रेशन. स्वीडनचं स्वीडनला ठेवा, तिथली थेरं वेगळी, श्रीमंत बापांची पोरं ती. आमच्याकडे सीनियरच ज्युनियरला अभ्यास शिकवतो, आजारी पडला तर डबा आणून देतो, ते कोण लिहिणार?

---

खाकी_ट्रंक

नाना, मी लिहितो की. मी निवासी शाळेत सहावी ते बारावी काढली आहेत, शाळेचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. सीनियरने मला गणित शिकवलं हे खरं आहे. त्याच सीनियरने मला रात्री लाइट्स आउट झाल्यावर ट्रंकेखाली पालथं पाडून वर दोघांना बसवलं हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाने केलं म्हणून तर तोंडातून शब्द फुटत नाही, तक्रार करायची कुणाची, ज्याने भूमितीची प्रमेयं समजावली त्याची? बाहेरच्यांना वाटतं छळणारा म्हणजे कुणी राक्षस असणार.

सिनेमा मी पाहिलाय, पुस्तक इंग्रजीतून बघू मिळालं तर. मेलारकाठ म्हणतात ते बरोबर आहे, सगळे एरिक एरिक करतात. माझ्या मते त्या गोष्टीचा कणा पियेर आहे. एरिकला मार सहन होतो कारण त्याला घरीच ट्रेनिंग मिळालंय, त्याला वीकएंडचे अरेस्ट दिले, खड्डे खणायला लावले, तो खांदे उडवतो. सीनियरवर हात उचलला तर शाळेतून हकालपट्टी हा नियम आहे म्हणून तो हात बांधून घेतो, आणि शाळा सुटली तर परत त्या बापाच्या घरी जावं लागेल. कौन्सिलला कळतं की ह्याला मारून काही उपयोग नाही, मग ते त्याच्या मित्राला धरतात. हे जे आहे ना, हे ज्याने होस्टेल काढलंय त्यालाच कळतं. आमच्याकडे एक मुलगा सीनियरचे बूट पॉलिश करायला नाही म्हणायचा, कणखर होता, तर शिक्षा त्याच्या शेजारच्या कॉटवाल्याला व्हायची. तो शेजारचा मीच. मला फ्रंट रोल म्हणजे कोलांट्या, आणि तो उभा राहून बघणार. आठवड्याभरात त्याने मुकाट्याने पॉलिशचा डबा उचलला. त्या गोष्टीवरून आमची मैत्री तुटली नाही पण पुढे आम्ही दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही, आता त्याची पोरं कॉलेजात आहेत आणि आम्ही दिवाळीला फोनवर फटाके आणि गुडघेदुखी ह्यावर बोलतो.

ताई, तुमच्या मुलाला विचारायचंच असेल तर एरिकने उलट मारायला हवं होतं का हे नका विचारू, सगळी पोरं हो म्हणतात. पियेरबद्दल विचारा. पियेर बुद्धीने सगळं समजतो, हे लोक असे का वागतात ते एरिकला समजावून सांगतो, आणि तरी त्याच्या अंगावर जे येतं ते त्याला थांबवता येत नाही. एरिक त्याच्यासाठी काय करू शकत होता आणि केव्हा? माझ्या मुलीशी मी ह्यावर भांडलोय, ती म्हणते एरिक अहंकारी आहे, स्वतःचं तत्त्व सांभाळत बसला आणि मित्र शाळा सोडून गेला. मला तेव्हा राग आला होता तिचा.

रगड्याबद्दल एकच. ग्राउंडवर उस्तादाने पीटी परेडला दिलेला रगडा वेगळा, तो दिवसा असतो, सगळ्यांसमोर असतो, आणि किती ते ठरलेलं असतं. रात्री दहानंतर डॉर्ममध्ये जे चालतं त्याला रगडा म्हणू नका नाना.

---

रोखठोक_नाना

खाकी_ट्रंक साहेब, मुद्दा पोचला. तरी सगळ्या शाळा एका माळेत ओवू नयेत एवढंच म्हणणं.

---

काळा_कोट

वकिली करतो म्हणून कायद्याचं थोडं, कारण पुतण्याचा प्रश्न महाराष्ट्रातला आहे आणि पालकांना हे माहीतच नसतं.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. लोकांना वाटतं तो इंजिनीयरिंग-मेडिकलचा आहे, पण तो शैक्षणिक संस्थांना लागू आहे, होस्टेलसकट. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने हयगय केली तर त्यालाच मदत केल्याचा आरोप लागू शकतो. म्हणजे "मुलांमुलांतलं आहे, आम्ही बघतो" हे उत्तर कायद्याला चालत नाही. शिक्षकांनी मारणं तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदच आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही.

आणि जे कुणी उघड बोलत नाही ते बोलतो. होस्टेलमधला छळ कधीकधी लैंगिक असतो, 'मस्करी' म्हणून खपवला जातो, कपडे काढायला लावणं हा सगळ्यात कॉमन प्रकार. तिथे पॉक्सो लागतो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा. मुलगा असो मुलगी असो फरक नाही. माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे, तेव्हा वॉर्डनला "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून दाबून ठेवता येत नाही. १०९८ हा नंबर पोराला पाठ करून द्या, चोवीस तास चालतो, मूल स्वतः करू शकतं.

कागदावर इतकं सगळं असून प्रकरणं कोर्टापर्यंत का येत नाहीत ते खाकी_ट्रंक यांनी वर सांगितलंच. माझ्याकडे आलेल्या पालकांपैकी बहुतेकांना आधी दाखला काढून घ्यायचा असतो आणि दाखला हातात पडला की तक्रार नको असते.

---

हिसिंगेनकर

सगळ्यांचे आभार, आणि खाकी_ट्रंक दादा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, नंतर म्हणाला तो दादा कुठल्या शाळेतला आहे विचार. मी म्हटलं तू का विचारतोस, तर म्हणे असंच. त्याने पाचवी-सहावी मामाकडे राहून काढली एवढंच मला माहीत होतं, ती एका आश्रमाच्या वसतिगृहात काढली हे आज कळलं, लग्नाला इतकी वर्षं होऊन! अजून विचारलेलं नाही जास्त. बघू.

पोराशी बोलले थोडं. बापावर चिडलेला नाहीये तो. त्याला राग आलाय त्या पियानो वाजवणाऱ्या आईचा. म्हणाला, "बाप मारतो ते एकवेळ समजतं, ती का वाजवते?" मला उत्तर सुचलं नाही. इथे त्याला शाळेत नीट शिकवलंय, बीआरआयएसचा (इथली मुलांची हेल्पलाइन) ११६ १११ नंबर त्याला माझ्या मोबाइल नंबरच्या आधीपासून पाठ आहे, आणि शाळेत कुणी कुणाला त्रास दिला तर शिक्षकाने मुख्याध्यापकांना कळवायचं, त्यांनी शाळा चालवणाऱ्यांना, आणि शाळा चालवणाऱ्यांनी चौकशी करायचीच असा कायदा आहे हेही तोच मला सांगत होता.

जाऊबाईंशी कसं बोलू ते सांगा ना कुणीतरी. पुतण्याला हे पुस्तक देण्यात अर्थ नाही हे कळलं, अकरा वर्षांचा आहे तो.

---

मेलारकाठ

आईबद्दल उत्तर नाही सुचलं तर नका देऊ, "मलाही तिचा राग येतो" एवढं म्हणा, पुरतं. माझी थोरली म्हणाली होती की शेर्न्सबेर्गचे सगळे मास्तर म्हणजे तीच आई आहे, नुसते पियानो नाहीत त्यांच्याकडे. तेव्हापासून मला ते पुस्तक वेगळंच दिसतं.

---

खाकी_ट्रंक

जाऊबाईंना पुस्तकाचं नावच काढू नका. शाळा बदला असंही नका म्हणू, ब्लेझर शिवलाय म्हणजे बाण सुटलेला आहे. कामाच्या गोष्टी सांगा, त्या कुठल्याही आईला पटतात.

अॅडमिशनच्या दिवशी सगळे पालक मेस आणि स्विमिंग पूल बघून येतात. डॉर्म बघायला सांगा, आणि रात्री हाऊस मास्टर नेमका कुठे झोपतो ते विचारायला सांगा, त्याच इमारतीत की क्वार्टरमध्ये. रात्रीचा राउंड कोण घेतं, स्वतः की प्रीफेक्टवर, म्हणजे मॉनिटर नेमलेल्या सीनियरवर, सोपवलाय. प्रीफेक्टवर सोपवलं असेल तर तिथेच तुमचं शेर्न्सबेर्ग सुरू होतं. बाथरूमला आतून कडी आहे का. एमआय रूमला (शाळेचा दवाखाना) रजिस्टर असतं, कोण कशासाठी आलं त्याची नोंद असते, एकाच डॉर्मची पोरं सारखी "पडून लागलं" म्हणून येत असतील तर कंपाउंडरला आधी कळतं, त्याच्याशी दोन शब्द गोड बोलून ठेवा, पहिल्या परेंट्स डेला चकलीचा डबा त्याच्यासाठी वेगळा न्या. मी गंमत करत नाहीये.

फोन हा सगळ्यात मोठा घोळ. फोन वॉर्डनच्या टेबलावर असतो, मागे रांग असते, रांगेत सीनियर असतो. पोरगं "मजेत आहे" शिवाय काही बोलूच शकत नाही. म्हणून घरातून निघायच्या आधी एक खुणेचं वाक्य ठरवायचं. घरी कुत्रा नसताना पोराने "मोत्या कसाय?" विचारलं की शनिवारी गाडी काढायची, फोनवर काहीही विचारायचं नाही, "मजेत आहे" म्हणायचं आणि ठेवायचं. आणि हे वाक्य त्याने उगाच वापरलं तरी जायचं आणि रागवायचं नाही, हे महत्त्वाचं, नाहीतर दुसऱ्यांदा वापरणार नाही.

आणि पोराला सांगा की पहिल्या महिन्यात एक मित्र कर, हुशार नको, खेळाडू नको, फक्त ज्याची कॉट शेजारी आहे तो. दोघांनी एकमेकांच्या आईचा नंबर पाठ करायचा. माझ्या आईचा नंबर त्या पॉलिशवाल्याला पाठ होता. त्याने एकदा केला होता फोन, मला कितीतरी वर्षांनी आईकडून कळलं.

---

पुस्तककिडा

वाचनखूण साठवली. ताई पुस्तकाचा शेवट कुणी फोडू नका प्लीज, मी आजच लायब्ररीत इंग्रजी अनुवाद मिळतो का बघायला सांगितलंय. घरी परत गेल्यावर सावत्र बापाचं काय होतं एवढंच फक्त कानात सांगा कुणीतरी, नाही नको, राहू दे.

---

हिसिंगेनकर

जाऊबाईंना फोन केला. हाऊस मास्टरचं लगेच लिहून घेतलं, एमआय रूमचं पण, अपशकुन वगैरे काही म्हणाल्या नाहीत, उलट म्हणाल्या मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. फक्त दादा, एक अडचण झालीये. त्यांच्याकडे खरोखरच मोत्या आहे, आणि पोरगं रोज त्याचीच चौकशी करणार. दुसरं वाक्य सुचवा.